वाट तू विचारायचीस

कुसुम,

तुझ्या गावाला मी पहिल्यांदा आले ती अशी. वडनेरच्या थांब्यावर उतरले, एस.टी. मलकापूरकडे निघून गेली, धूळ खाली बसली, आणि मी पिशवी छातीशी धरून तशीच उभी राहिले. गावात शिरायला दोन रस्ते होते. एका रस्त्याच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं आणि बाकड्यांवर माणसं बसली होती. दुसऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. मी कोणता धरला असेल ते तुला सांगायला नको. तो कडब्याच्या गंज्यांपाशी जाऊन संपला. एक कुत्रं उठून माझ्याकडे बघत राहिलं.

तू असतीस तर हॉटेलासमोर जाऊन उभी राहिली असतीस आणि म्हणाली असतीस, "काहो भाऊ, अमक्याचं घर कुठीसा येते?" पण तुझंच घर विचारायला तू कुठून असणार.

गंज्यांच्या सावलीत मी बराच वेळ उभी होते. तुझ्या मरणाला आलेली बाई, तुझ्याच गावात, घर सापडत नाही म्हणून घाबरून उभी. रडू येत नव्हतं. तू गेल्याची तार लोणारला, तू शिकवायचीस त्या शाळेत आली, तिथून मला कळलं, तोवर तुला जाळून राख सावडूनही झाली होती. तरी मला घाई वाटत होती. उशीर झाला तर काय होईल, असं. आता आणखी काय होणार होतं ते मात्र सांगता आलं नसतं.

मला दिशा कळत नाहीत, हे मी पहिल्यांदा कबूल केलं ते तुझ्याजवळ. लहानपणी डोणगावच्या बाजारात मी आईचा हात सोडला की हरवायची. आजी म्हणायची, या पोरीला चकवा लागते. पुढे आम्ही बौद्ध झालो. बाबांनी घरातले देव नदीत सोडले आणि सांगितलं, आता आपण भूतखेत, चकवा काही मानायचं नाही. मला ते पटलं. पण मग माझं जे होत होतं त्याला शब्दच उरला नाही. नर्सचं शिक्षण घेतलं, परीक्षा पास झाले, बाळंतपणं केली, आणि तरी कोणाच्या घरात शिरून बाहेर आले की आपण कुठल्या बाजूनं आलो होतो ते समजायचं नाही. जाताना पाहिलेली गल्ली येताना दुसरीच व्हायची.

लोणारच्या दवाखान्यात मी नवी होते. जुन्या वस्तीत एका बाळंतिणीला बघून निघाले आणि दैत्यसूदनाच्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांत सापडले. तीच पिठाची गिरणी पुन्हा आली. पुन्हा आली. हरवलेली बाई हळू चालत नाही, कुसुम, ती झपाझप चालते, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की हिला कुठंतरी पोचायचं आहे. गिरणीवाल्यानं मान वर करून बघितलं तेव्हा मी आणखी भराभर पाय उचलले. विचारायची सोय नव्हती. विचारलं की उलट विचारतात. नवी का? कुठली? कोणाची? तिसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं की पुढचं माणूस कधी रस्ता सांगतं, कधी नुसतं बघत राहतं, आणि कधी म्हणतं, तुमची वस्ती तिकडं आहे. मला दवाखान्यात जायचं असलं तरी.

तेवढ्यात तू समोरून आलीस. हातात छत्री, पदर डोक्यावर, कपाळ मोकळं. माझ्या पांढऱ्या लुगड्याकडे बघून तुझा चेहरा खुलला.

"नर्सबाई, बरं झालं भेटल्या. दवाखाना कुठी हाये?"

मी म्हटलं, "मीच तो हुडकून राह्यली."

तू हसली नाहीस, हे मला फार आवडलं. तू इकडंतिकडं बघितलंस आणि दारात बसलेल्या एका म्हाताऱ्या बांगडीवाल्याला विचारलंस. त्यानं विचारलं, कोण, कुठच्या? तू सांगून टाकलंस, वडनेरची, अमक्या पाटलाची पोर, इथं शाळेवर आली. त्यानं हातातली बांगड्यांची माळ खाली ठेवली आणि गल्लीच्या टोकापर्यंत येऊन रस्ता दाखवला.

तुला राहायला जागा मिळत नव्हती. एकटी बाई, त्यातून विधवा, म्हणून कोणी खोली देईना. मला मिळत नव्हती ती वेगळ्या कारणानं, पण मला दवाखान्यामागचं क्वार्टर तरी होतं. तू ट्रंक घेऊन आलीस आणि म्हणालीस, "दोघीजणी राहू." मी तुला आधी सांगितलं मी कोण ते. दारातच सांगितलं, म्हणजे ट्रंक आत आल्यावर बाहेर न्यायला नको. तू ऐकून घेतलंस, क्षणभर थांबलीस, ते मी पाहिलं. मग ट्रंक उचललीस आणि आत ठेवलीस. त्या क्षणी तुझ्या मनातून काय गेलं ते मी कधी विचारलं नाही. पण ती ट्रंक तू स्वतःच्या हातानं उचललीस, याचं देणं माझ्यावर आहे.

तुझंही दिशांचं ज्ञान माझ्याइतकंच होतं. शाळा दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर, तरी तू सुरुवातीला रोज कोणाला ना कोणाला विचारत जायचीस. तुला त्याचं काही वाटायचं नाही. मला म्हणायचीस, "इचारल्यानं जीभ झिजते का वं? काऊन भेऊन राह्यली तू?" मला शिकवायचीस, की निवांत बसलेल्या माणसाला विचारावं, त्याच्यापाशी वेळ असतो. मी म्हणायची, निवांत बसलेलाच उलट विचारतो. घाईतल्या माणसाला विचारावं. तो उत्तर देऊन पुढं जातो. तू तेव्हा माझ्याकडे बघत राहिलीस. पुढे कधी बाजारात दोघी असलो आणि चुकलो, की तू मुद्दाम डोक्यावर भारा घेतलेल्या बायांना विचारायचीस. तुला समजलं होतं. पण समजलं असं तू बोलली नाहीस.

ती संध्याकाळ तुला आठवत असणार. आपण तिच्याबद्दल कधी पुरतं बोललो नाही म्हणून आता लिहिते.

दुपार कलली होती. तळ्यापलीकडच्या शेतवस्तीवरून एक माणूस धावत आला. बायको अडली होती, मुलाचे पाय खाली आले होते. डॉक्टर मेहकरला गेलेले. तो म्हणाला, मी गाडीनं जाऊन डॉक्टरला घेऊन येतो, बाई, तुम्ही पुढं व्हा. मला वाट सांगितली. धारेच्या वरच्या अंगानं काठाकाठानं जा, तळं उजव्या हाताला ठेवा, मोठी चिंच आली की तळ्याकडं पाठ करा, वस्ती दिसतेच. एवढं बोलून तो स्टँडकडे पळाला. मी पेटी उचलली आणि दारातच उभी राहिले. बाळंतपणाची भीती नव्हती. भीती होती त्या 'दिसतेच'ची. लोकांना जे दिसतंच, ते मला दिसत नाही.

तू शाळेतून आलीस, माझं तोंड पाहिलंस आणि छत्री ठेवून दिलीस. "चाल, म्या बी येते."

धारेवर, कड्यातून पडणाऱ्या झऱ्याच्या पाण्यावर, बाया धुणं धूत होत्या. तिथपर्यंत तू विचारत नेलंस. पुढं माणूस नव्हतं. पायवाट काठानं जात होती, उजवीकडं खोल खाली तळं, त्याचा तो आंबूस, कुजका वास वर येत होता. मी मनात घोकत होते, उजव्या हाताला तळं, उजव्या हाताला तळं. मग बाभळी दाट झाल्या आणि तळं दिसेनासं झालं. वाट दुभंगली. वरची वाट तळ्यापासून लांब जाते असं वाटलं. मी म्हटलं, तळं डोळ्याआड गेलं तर आपण गेलो, खालची धरू. तू म्हणालीस, धर. खालची वाट उतरत गेली. आधी सावकाश, मग एकदम. दगड निसटत होते. पेटी सांभाळू की लुगडं, असं झालं. मला दिसत होतं आपण उतरतोय. पण वर जायची वाट पुढं येईल असं वाटत राहिलं, आणि मागं वळावं तर मागची वाट कोणती होती ते समजेना.

आपण खाली पोचलो तेव्हा ऊन फक्त वरच्या कड्याच्या टोकावर उरलं होतं. तळाशी सावली पडली होती. पाणी हिरवं, हलत नव्हतं. एका बाजूला पडकं देऊळ, त्याच्या आत काळोख. सगळीकडून सारखाच कडा उठलेला, सारखीच झाडी, वर आभाळाचं झाकण. दिशा न कळणाऱ्या माणसाला घाबरवायला कोणी मुद्दाम अशी जागा केली असती तरी याहून चांगली झाली नसती. झाडांवरची वानरं एकदम ओरडायची बंद झाली. लोक सांगायचे, वानरं गप्प झाली की जनावर जवळ असतं.

तू तोंडाशी हात धरून हाक मारलीस, "कोणी हाये का?" तुझा आवाज कड्याला लागून परत आला. पुन्हा मारलीस. मग तू खाली बसलीस, तशीच, दगडावर.

"वच्छे, मले चालवत नाही."

तुला मी तशी कधी पाहिली नव्हती. ओठ सुकलेले, नजर कुठंच ठरत नव्हती. कोणाला विचारता येतं तोवर तुला भीती माहीत नव्हती. जिथं माणूसच नाही तिथं तू पहिल्यांदा हरवली होतीस. मी तर रोजच हरवायची. माझी भीती माझ्या ओळखीची होती. ती पोटात येते, मग घशाशी येते, मग थोडी खाली बसते, हे मला ठाऊक होतं. तेवढंच त्या दिवशी माझ्यापाशी होतं.

मी म्हटलं, "ऊठ. वाट सोडून दे. जिथून चढता येते तिथून वर चढू. वर गेलो तं काही ना काही दिसंन. खाली राह्यलो तं ती बाई मरंन."

तू उठलीस. माझा पदर धरून, काट्यांतून, माती धरत, आपण चढलो. पेटी मी गळ्यात अडकवली होती, ती छातीवर आपटत होती. तू मागं काही बोलत नव्हतीस. मी सारखी विचारत होते, आहेस ना? आणि तू "हाव" म्हणायचीस. एकदा म्हणाली नाहीस. वळून पाहिलं तर तुझं लुगडं काट्यात अडकलं होतं आणि तू ते सोडवत होतीस, दात घट्ट मिटून.

वर आलो तर दिवे लागायची वेळ. चारी बाजूंना शेतं आणि कुठंही चिंच नाही. एक म्हातारा शेळ्या हाकत येत होता. तू बोलायच्या स्थितीत नव्हतीस. मला पुढं व्हावं लागलं.

"बाबा, वस्तीकडं कसं जायचं? तिथं एक बाई अडली हाये."

त्यानं काठी टेकली. "तुम्ही कोण?"

"नर्सबाई. दवाखान्यातली."

"ते दिसून राह्यलं. कोणाच्या, म्हणतो."

तू माझा पदर ओढलास. मला कळलं तू काय सांगत होतीस. पण मी सांगितलं. डोणगावची, बौद्ध.

तो गप्प झाला. कुसुम, मी खोल विहिरीच्या काठावर उभी राहिलेय, श्वास बंद पडलेल्या बाळाच्या छातीला कान लावलाय, पण त्या म्हाताऱ्याच्या गप्प राहण्याइतकी भीती मला कधी वाटली नाही. तो निघून गेला असता तर अंधारात आपल्याला ती वस्ती सापडली नसती. त्यानं माझ्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं. मग शेळ्या वळवल्या आणि म्हणाला, "या मांगून." तो बराच पुढं राहून चालला. तो बरोबर नेतोय की नाही हे आपल्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

नेलं त्यानं बरोबर. बाई जिवंत होती. दाईनं हात टेकले होते. तू कंदील धरलास. मुलगी पायाळू आली, निळी, लुळी. मी तिच्या तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. तुझ्या हातातल्या कंदिलानं भिंतीवरच्या सगळ्या सावल्या हलत होत्या. आणि मग ती रडली. बारीक, मांजराच्या पिलासारखी. तूही रडलीस. डॉक्टर आले तोवर बाई पाणी पीत होती.

नंतर त्या घरच्या सासूनं तुला कपात चहा दिला. मला म्हणाली, "नर्सबाईले घरी जायची घाई असंन." तू कप हातात धरून बसलीस. तो खाली ठेवलास, भरलेला.

सकाळी तू चुलीपुढं बसून, माझ्याकडं न बघता विचारलंस, "तू काऊन सांगितलं त्याले?"

"इचारलं म्हणून."

"नुसतं नर्सबाई म्हणून उभी राह्यली असती तं झालं असतं. काही बी सांगायचं. पाटलाची म्हणायचं, माह्यं नाव घ्यायचं. तिकडं बाई मरून राह्यली होती, अन् तू खरं बोलत बसली. तो निंघून गेला असता तं?"

"गेला नाही ना."

"गेला असता तं?"

मी म्हटलं, खोटं नाव सांगून मला रस्ता नको. तू म्हणालीस, रस्ता तुझ्यासाठी नव्हताच, तिच्यासाठी होता. मी म्हटलं, तुला काय, तुझं खरं सांगितलं की लोक गल्लीच्या टोकापर्यंत पोचवायला येतात. तू भाकरी तव्यावर तशीच ठेवून उठून गेलीस. ती करपली. संध्याकाळी तू आलीस तेव्हा आपण दुसरंच काही बोललो.

कितीदा ते भांडण माझ्या तोंडाशी आलं असेल. तुझ्याही आलं असेल. तुला त्या बाईचा जीव दिसत होता. मला माझा बाप दिसत होता, नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा, देव सोडणारा. कोणाचं खरं, मला अजून माहीत नाही. त्या म्हाताऱ्यानं पाठ फिरवली असती आणि ती पोर मेली असती तर मी काय म्हणाले असते? हा विचार मला अजून घाबरवतो. आता तो एकटीनंच करायचा आहे, याची भीती त्याहून मोठी.

तू दर सुट्टीला वडनेरला जायचीस. येताना बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या आणायचीस, माझ्यासाठी वेगळ्या बांधून. आपण एका ताटात जेवलो, एका पांघरुणात थंडी काढली, पण "चाल माह्या गावाले" असं तू कधी म्हणाली नाहीस. मी कधी विचारलं नाही. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्यामुळं. मग तू सुट्टीहून परत यायचीस तेव्हाचा तुझा चेहरा बघायला लागले. जाताना अंग चोरून जायचीस आणि येताना आठवडाभर गप्प असायचीस. त्या घरात तुला, विधवा लेकीला, कुठं बसवत होते, कोणत्या कार्याला आत कोंडत होते, ते तू सांगितलं नाहीस. कदाचित तू मला लपवत नव्हतीस. मला तिथली तू दिसू नये, असं तुला वाटत असेल. हे मी आता म्हणते. तू असतीस तर विचारलं असतं, असं लिहायला हात पुढं होत नाही. इतकी वर्षं तू होतीसच की.

उन्हाळ्याच्या सुट्टीला निघालीस तेव्हा तुझे डोळे पिवळे झाले होते. मी म्हटलं, कावीळ आहे, जाऊ नको, इथं माझ्याजवळ पडून राहा. तू म्हणालीस, "आई वाट पाहून राह्यली." मी तुला मेहकरच्या गाडीत बसवलं. नेहमी सगळ्या गाडीशी बोलणारी तू खिडकीला डोकं टेकून बसलीस. कंडक्टरला हळूच विचारलंस, ही मेहकरचीच ना? तो हो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा विचारलंस. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की तुला उतरवून घ्यावं. गाडी हलली होती.

तुझ्या गावात, त्या कडब्याच्या गंज्यांपाशी, एक बाई डोक्यावर वैरण घेऊन आली. मी विचारलं. ती चालता चालताच हनुवटीनं दाखवून गेली. पुढं पुन्हा चुकले, पुन्हा विचारलं. एका ओट्यावरच्या माणसानं विचारलं, "तुम्ही कोण तिच्या?" मी म्हटलं, आम्ही एका घरात राहत होतो. तो उठून उभा राहिला आणि बोटानं घर दाखवलं. पुढचं त्यानं विचारलं नाही. का नाही विचारलं, ते मला समजलं नाही.

घराबाहेर ओट्यावर माणसं बसली होती. मी अंगणाच्या कडेलाच थांबले. तुझी आई खांबाला टेकून जमिनीवर बसली होती. लहानशी बाई, कुसुम. तू इतकी उंच कशी झालीस? तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "वच्छला का तू?"

मी हो म्हटलं. तिनं मला आत बोलावलं नाही. तीच उठली, अंगणात आली, आणि कडुनिंबाखाली बसली. मीही बसले. मग ती खालच्या मातीकडं बघत बोलायला लागली.

"लई भेली वो ती शेवटी. ताप डोक्यात गेला होता. सारखी म्हणे, वच्छीले बलवा, वच्छीले बलवा. आमी नाही बलावलं." ती थांबली. "काऊन नाही बलावलं ते मले इचारू नको."

मी विचारलं नाही. मला माहीत होतं, आणि तिला माहीत होतं की मला माहीत आहे. राग यायला हवा होता. आला नाही. मला फक्त दिसत होतं, की तू घाबरून एका खोलीत पडली आहेस, माझं नाव घेतेस, आणि मी लोणारला दवाखान्यात कोणाच्या तरी बाळाचं वजन करते आहे. हे मला आयुष्यभर दिसणार आहे.

तुझ्या आईनं विचारलं, "तू शिकेल आहेस. सांग मले, कुठी गेली असंन ती? एकटीच असंन?"

मी बौद्ध. आत्मा कुठं जातो, वाटेत कोण भेटतं, हे मी मानत नाही. ती सुखात आहे, असं एक वाक्य म्हणायचं होतं फक्त. तू म्हणाली असतीस, म्हण ना, एवढ्यानं काय बिघडते. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य येईना. मी तिचा हात धरायला हात पुढं केला.

ती झटकन मागं सरली. "शिवू नको, पोरी. आमाले सुतक हाये."

आयुष्यभर ऐकलेलं ते 'शिवू नको', आणि ते पहिल्यांदा कोणी स्वतःच्या विटाळासाठी म्हणत होतं. ओट्यावरची माणसं आमच्याकडं बघत होती.

"आमी सुतक पाळत नाही, आई," मी म्हटलं, आणि तिचा हात धरला.

तिनं ओट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हात सोडवून घेतला नाही. तो घामानं ओला होता, माझ्या हातासारखाच.